तंटा आणि तिसरा माणूस

आपल्या मराठी भाषेंत तंट्यांत पडणाऱ्या तिसऱ्या माणसाविषयीं दोन म्हणी प्रसिद्ध आहेत, आणि त्या एकमेकींच्या अगदीं उलट आहेत. एक म्हणते, दोघांचें भांडण आणि तिसऱ्याचा लाभ. लोण्याच्या गोळ्यासाठीं भांडणाऱ्या दोन मांजरांची आणि तराजू घेऊन बसलेल्या माकडाची गोष्ट आम्हां सर्वांना बाळपणापासून ठाऊक आहे. दुसरी म्हण सांगते, पांचामुखीं परमेश्वर. जेथें पांच शहाणीं माणसें एकत्र बसून निवाडा करितात तेथें साक्षात् देव बोलतो, असा आमच्या पूर्वजांचा विश्वास होता. एका म्हणींत तिसरा माणूस लोणी खाऊन जातो. दुसरींत तो देवाची वाणी होतो. यांतलें खरें कोणतें? आम्हांस वाटतें कीं दोन्ही म्हणी खऱ्या आहेत. तिसरा माणूस माकड ठरेल कीं परमेश्वर, हें ज्या गोष्टींवर अवलंबून असतें त्यांचा विचार या लेखांत करावा असें आम्हीं योजिलें आहे.

विद्यार्थिमित्रांनो, तंटे दोन प्रकारचे असतात. दोघां भावांत बांधावरून किंवा दोघां शेजाऱ्यांत भिंतीवरून जो तंटा होतो त्याची झळ त्या दोन घरांपुरती असते. परंतु गिरणीचे मालक आणि त्यांचे हजारों कामगार, कालव्याच्या तोंडाशीं असलेलीं गांवें आणि शेवटाशीं असलेलीं गांवें, नवा रस्ता काढणारी नगरपालिका आणि त्या रस्त्याखालीं ज्यांचीं घरें जाणार ते रहिवासी, यांच्यांत जो वाद उत्पन्न होतो तो सार्वजनिक होय. त्यांत भांडणारे थोडे असतात आणि ज्यांच्या चुली विझतात ते पुष्कळ असतात. अशा तंट्यांत कोण जिंकला हें जितकें महत्त्वाचें, तितकेंच तंटा मिटल्यावर दोन्ही पक्षांना एकमेकांशेजारीं राहतां येईल कीं नाहीं हेंहि महत्त्वाचें असतें. मालकाला कामगारावांचून आणि वरच्या गांवाला खालच्या गांवावांचून सुटका नाहीं. उद्यां सकाळीं पुन्हां एकमेकांचीं तोंडें पाहावयाचींच असतात.

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायांत, अपराध करणाऱ्या बंधूशीं कसें वागावें हें प्रभु येशू ख्रिस्तानें शिष्यांना सांगितलें आहे. त्या उपदेशाचा आशय असा: प्रथम त्याच्याकडे एकटे जा आणि दोघांतच बोला, त्यानें ऐकलें नाहीं तर आणखी एकदोघांस बरोबर घ्या, तरीहि ऐकलें नाहीं तर मग मंडळीला सांगा. हा उतारा आम्हीं अनेकदां ऐकलेला असतो. परंतु तंटा मिटविण्याच्या शास्त्राचा सांगाडाच त्यांत आला आहे, हें फारसें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

त्या शास्त्राच्या पायऱ्या अशा आहेत. पहिली पायरी वाटाघाटीची. हींत दोन्ही पक्ष स्वतःच समोरासमोर बसून बोलतात. दुसरी मध्यस्थीची, हींत तिसरा माणूस येतो, परंतु तो निकाल देत नाहीं. तो दोघांचें ऐकून घेतो, एकाचें म्हणणें दुसऱ्यास समजेल अशा शब्दांत पोंचवितो, आणि वाट त्यांनाच सांपडेल असें करितो. तिसरी लवादाची, हींत तिसरा माणूस निकाल देतो, आणि तो पाळूं असें दोघांनींहि आधींच कबूल केलेलें असतें. चौथी पायरी न्यायालयाची. तेथें निकाल कायद्याचा असतो आणि तो तुम्हांस रुचो वा न रुचो, पाळावा लागतो. पायरीपायरीनें वर जातांना निकालाची किल्ली आपल्या हातांतून दुसऱ्याच्या हातांत जात असते, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. म्हणूनच शहाणा मनुष्य खालच्या पायरीवर होण्यासारखें काम वरच्या पायरीवर नेत नाहीं.

ही विद्या आमच्या देशास नवी नाहीं. मराठेशाहींत वतनाचे व शिवेचे तंटे गोतसभेपुढें चालत आणि निवाड्याचा महजर लिहून ठेवीत. पेशवाईंत पंचायत बसली म्हणजे वादी आणि प्रतिवादी या दोघांकडून राजीनामा लिहून घेण्याची वहिवाट होती. आज राजीनामा म्हटला म्हणजे नोकरी सोडण्याचें पत्र डोळ्यांपुढें येतें. परंतु त्या काळीं, पंच जें ठरवितील तें आम्हांस राजीखुशीनें मान्य आहे, असें लिहून दिलेला कागद म्हणजे राजीनामा. पंचांच्या हातीं शिपाई नसत, तुरुंग नसे. दोन्ही पक्षांनीं आपखुशीनें दिलेलें हें वचन हेंच त्यांचें बळ होतें.

आणखी एक भेद येथेंच सांगून ठेवितों. मागणी आणि गरज या दोन गोष्टी निराळ्या आहेत. समजा, शाळेच्या एकाच मैदानावर वरच्या वर्गाला क्रिकेट आणि खालच्या वर्गाला हुतूतू खेळावयाचा आहे. दोघेहि म्हणतात, मैदान आमचें. या मागण्यांवरच अडून बसलें तर एकानें जिंकावें आणि दुसऱ्यानें रडावें याखेरीज मार्ग नाहीं. परंतु एखाद्या शिक्षकानें दोघांना जवळ बसवून विचारपूस केली तर काय आढळतें? वरच्या वर्गाला पुढच्या पंधरवड्यांतील सामन्याची तयारी करावयाची आहे. खालच्या वर्गाला घरची गाडी येईपर्यंतचा अर्धा तास कोठें तरी खेळावयास जागा हवी आहे. मागण्या एकमेकींवर आदळत होत्या; गरजा मात्र एका मैदानावर सुखानें नांदूं शकतात. चांगला मध्यस्थ मागणीच्या मागें उभी असलेली गरज शोधून काढतो, आणि त्याचें निम्में काम तेथेंच होतें.

आतां हीं तत्त्वें प्रत्यक्ष व्यवहारांत कशीं उतरतात तें पाहण्यासाठीं आम्ही वाचकांस अमदाबादेस घेऊन जातों. साल १९१८. तेथील गिरण्यांचा त्या वर्षींचा तंटा आमच्या मतें प्रत्येक विद्यार्थ्यानें अभ्यासावा असा आहे. कारण त्यांत तंटा पेटतो कसा, मिटतो कसा, आणि मिटवितांना मोठ्या माणसांच्याहि हातून चूक होते कशी, हें सर्व एके ठिकाणीं पाहावयास मिळतें.

१९१७ च्या पावसाळ्यांत अमदाबादेंत प्लेगची साथ जोरांत पसरली. लोक जीव घेऊन शहर सोडूं लागले. कामगार निघून गेले तर गिरण्या बंद पडतील, म्हणून मालकांनीं त्यांना पगाराशिवाय प्लेगबोनस देऊं केला. तो कांहीं ठिकाणीं पगाराच्या शेंकडा ७० ते ८० पर्यंत होता. पुढें साथ ओसरली, आणि १९१८ च्या आरंभीं मालकांनीं हा बोनस बंद करण्याचें ठरविलें. त्यांच्या दृष्टीनें हिशेब सरळ होता. प्लेग गेला, मग प्लेगबोनस कशासाठीं? परंतु कामगारांच्या घरीं दुसराच हिशेब चालला होता. महायुद्धामुळें धान्य, कापड, तेल सर्वच महाग झालें होतें. बोनसच्या आधारानें जो संसार कसाबसा उभा होता तो आतां कशाच्या आधारानें उभा राहावा? साळखात्यांतील कामगारांनीं बोनसऐवजीं शेंकडा ५० महागाईभत्ता मागितला.

कामगार प्रथम गेले तें अनसूयाबेन साराभाई यांच्याकडे. या बाई कामगारांच्या मुलांसाठीं शाळा चालवीत आणि त्यांच्या वस्तींत जात येत असत. गिरणीमालकांचे पुढारी शेठ अंबालाल साराभाई हे त्यांचे सख्खे धाकटे बंधु. एकाच घरांतील बहीण कामगारांच्या बाजूला आणि भाऊ मालकांच्या बाजूला, असा हा प्रसंग होता. त्यांत महात्मा गांधी यांना बोलाविण्यांत आलें. त्यांचाहि मालकांशीं स्नेह होता.

फेब्रुवारी महिन्यांत पंचमंडळ नेमण्यांत आलें. मालकांचे तीन प्रतिनिधि आणि कामगारांचे तीन; जिल्ह्याचे कलेक्टर हे सरपंच. कामगारांच्या वतीनें गांधीजी, वल्लभभाई पटेल आणि शंकरलाल बँकर असे तिघे होते. परंतु पंचांचें काम सुरू होतें न होतें तोंच कांहीं गिरण्यांतील कामगारांनीं धीर सोडून संप केला. गांधीजींनीं ही चूक असल्याचें मान्य करून दिलगिरी दर्शविली. पण मालक म्हणाले, वचन तुमच्या माणसांनीं मोडलें, आतां आम्ही पंच मानीत नाहीं. २२ फेब्रुवारीपासून त्यांनीं टाळेबंदी पुकारली. या पहिल्या अपयशांतून एक धडा मिळतो. पंच नेमले तरी त्यांच्या निकालाची वाट पाहण्याची शिस्त पक्षांच्या शेवटच्या माणसापर्यंत पोंचलेली नसेल तर पंचायत कागदावरच राहते.

पंचमंडळ मोडल्यावर गांधीजींनीं प्रथम काय केलें? त्यांनीं आंकडे जमविले. मुंबईच्या गिरण्यांत त्याच कामाला काय पगार मिळतो, अमदाबादेंत जीवनाचा खर्च किती वाढला आहे, मालकांना किती झेपेल, याची त्यांनीं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं चौकशी केली. त्या चौकशीअंतीं त्यांना असें दिसलें कीं शेंकडा ५० ही मागणी जास्त आहे. शेंकडा ३५ न्याय्य आहे. तेव्हां त्यांनीं कामगारांनाच ५० वरून ३५ वर आणिलें. आपल्या पक्षाला सुखवील असा आंकडा सांगणें सोपें असतें. आपल्या पक्षाला पटवून तो आंकडा खालीं आणणें याला धैर्य लागतें. मालक शेंकडा २० देण्यास तयार होते.

यानंतर कामगारांनीं प्रतिज्ञा केली: जुलैच्या पगारावर शेंकडा ३५ वाढ मिळाल्याशिवाय कामावर जाणार नाहीं, आणि टाळेबंदी चालूं असेपर्यंत दंगा, मारामारी, लूट, शिवीगाळ किंवा मालकांच्या मालाची नासधूस करणार नाहीं. साबरमतीच्या कांठीं एका बाभळीच्या झाडाखालीं रोज सभा भरे. अनसूयाबेनांच्या नांवें पत्रकें निघत, आणि त्यांत कामगारांचें कर्तव्य काय, मालकांची अडचण काय, हें शांत भाषेंत समजावून दिलेलें असे. विरुद्ध पक्षाविषयीं कटु शब्द वापरूं नये यावर फार कटाक्ष होता. हें केवळ सौजन्य नव्हतें, तर त्यांत दूरदृष्टीहि होती. ज्यांच्याबरोबर उद्यां पुन्हां एका छपराखालीं काम करावयाचें आहे त्यांना आज दिलेली शिवी उद्यांच्या कराराच्या आड येते.

परंतु पोट कोणाचें थांबतें? १२ मार्च रोजीं मालकांनीं टाळेबंदी उठविली आणि शेंकडा २० वर येतील त्यांना दारें मोकळीं केलीं. कांहीं कामगारांचा धीर सुटूं लागला. गांधीजी आणि अनसूयाबेन यांना काय, ते मोटारींतून येतात जातात, पोटभर जेवतात. मरतों ते आम्ही, असे उद्गार ऐकूं येऊं लागले. ते गांधीजींच्या कानीं आले. १५ मार्चच्या सभेंत कामगारांचीं उतरलेलीं तोंडें पाहून त्यांनीं जाहीर केलें कीं तंटा मिटेपर्यंत आपण अन्न घेणार नाहीं. हिंदुस्थानांतील सार्वजनिक तंट्यांत त्यांनीं केलेलें हें पहिलें उपोषण. तीन दिवसांनीं, १८ मार्चला, तडजोड झाली.

ही तडजोड ज्या युक्तीनें झाली ती नीट समजून घेण्यासारखी आहे. ज्याचा पगार महिना २० रुपये असेल त्याला शेंकडा ३५ प्रमाणें ७ रुपये वाढ मिळाली असती, शेंकडा २० प्रमाणें ४ रुपये. म्हणजे अशा एका कामगारामागें भांडण महिना ३ रुपयांचें होतें. हे ३ रुपये गरिबाला थोडे नव्हते, हें खरें. तथापि गांठ रुपयांपेक्षां निराळ्या ठिकाणीं बसली होती. कामगारांनीं ३५ ची शपथ घेतली होती. ती मोडली तर त्यांचा आपसांतला विश्वास मोडणार. मालकांनीं २० च्या पुढें जाणार नाहीं असें जगजाहीर केलें होतें. तें मोडलें तर त्यांच्या शब्दाची किंमत जाणार. दोघांनाहि आंकडा सोडतां आला असता. शब्द सोडतां येत नव्हता.

म्हणून आंकडा आणि शब्द या दोहोंची फारकत करण्यांत आली. ठरलें तें असें: कामावर परत आल्यावर पहिल्या दिवशीं शेंकडा ३५ प्रमाणें वाढ द्यावी, म्हणजे कामगारांची प्रतिज्ञा राहील. दुसऱ्या दिवशीं शेंकडा २० प्रमाणें द्यावी, म्हणजे मालकांचा शब्द राहील. तिसऱ्या दिवसापासून दोहोंच्या बरोबर मध्यें, शेंकडा साडेसत्तावीस प्रमाणें द्यावी. आणि खरा न्याय्य आंकडा कोणता हें दोघांनींहि मान्य केलेल्या लवादानें तीन महिन्यांत चौकशी करून ठरवावें. लवाद म्हणून गुजराथी भाषेचे नामांकित विद्वान प्राध्यापक आनंदशंकर ध्रुव यांची निवड झाली. त्याच वर्षीच्या ऑगस्टांत त्यांनीं निकाल दिला: शेंकडा ३५.

कोणी म्हणेल, एका दिवसाचे ३५ आणि एका दिवसाचे २० ही तर नुसती शब्दांची कसरत झाली. वरवर पाहतां तसें वाटेल खरें. परंतु त्या दोन दिवसांनीं दोन्ही पक्षांना मान खालीं न घालतां कारखान्याच्या दारांतून आंत येतां आलें. आणि जो प्रश्न आरोळ्यांनीं सुटत नव्हता तो शांतपणें कागद तपासून सोडविण्यास पांच महिन्यांचा अवकाश मिळाला. हे दोन दिवस महाग पडले असें आम्हांस वाटत नाहीं.

या सर्वांत एक दोष होता, आणि तो सांगितल्यावांचून ही गोष्ट पुरी होत नाहीं. उपोषण कामगारांना प्रतिज्ञेवर स्थिर ठेवण्यासाठीं होतें. परंतु मालकांचा गांधीजींशीं स्नेह असल्यामुळें त्याचें दडपण त्यांच्यावरहि पडलें. आपला मित्र अन्नावांचून बसला असतां शेंकड्याचा हिशेब करीत बसणें कोणाला शक्य होईल? गांधीजींनीं हा दोष त्या वेळीं बोलून दाखविला आणि पुढें आत्मचरित्रांतहि मान्य केला. तडजोडींत दडपण शिरलें कीं तिचें मोल तितकें उणें होतें, मग तें दडपण धनाचें असो, दंडुक्याचें असो वा प्रेमाचें असो. येथें समाधानाची गोष्ट एवढीच कीं अखेरचा आंकडा त्या दडपणाखालीं ठरला नाहीं. तो निराळ्या माणसानें, निराळ्या वेळीं, चौकशीअंतीं ठरविला.

वाचकांनीं आणखी एक गोष्ट पाहावी. गांधीजी आरंभीं पंचांपैकीं एक होते. पुढें ते कामगारांचे पुढारी झाले. पुढारी झाल्यावर ते तिसरा माणूस राहिले नाहींत, आणि म्हणूनच ध्रुव यांची गरज लागली. पक्षाचा वकील आणि दोघांचा पंच हीं दोन आसनें निराळीं आहेत. एकावर बसून दुसऱ्याचें काम होत नाहीं, मग बसणारा कितीहि थोर असो.

या तंट्यांतून जें कायमचें निघालें तें शेंकडा ३५ पेक्षांहि मोठें आहे. १९२० सालीं अमदाबादेंत मजूर महाजन ही कामगारसंस्था स्थापन झाली, आणि मालक व कामगार यांनीं कायम लवादाची पद्धत स्वीकारली: एक पंच मालकांचा, एक कामगारांचा, आणि दोघांचें न जमल्यास दोघांस मान्य असा सरपंच. पहिले पंच म्हणून कामगारांतर्फे गांधीजी व मालकांतर्फे शेठ मंगलदास बसले. यामुळें सर्व तंटे संपले असें नव्हे; १९२३ सालीं पगारकपातीवरून तेथेंहि मोठा संप झाला. परंतु आग लागल्यावर विहीर खणण्याऐवजीं विहीर आधींच खणून ठेविलेली असणें यांत जो फरक आहे तो यानें पडला.

आतां आमच्या मुंबईकडे वळूं. १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या गिरण्यांत डॉक्टर दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं जो संप सुरू झाला त्याच्या आठवणी गिरणगांवांतील घरोघरीं आजहि आहेत. सुमारें अडीच लक्ष कामगार त्यांत होते. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणें कामगारांच्या वतीनें बोलण्याचा अधिकार एका मान्यताप्राप्त संघटनेकडे होता. कामगार मात्र दुसऱ्याच पुढाऱ्याच्या पाठीशीं उभे राहिले होते. ज्याच्याशीं बोलतां येत होतें त्याचें कामगार ऐकत नव्हते. ज्याचें ऐकत होते त्याच्याशीं बोलण्याची वाट मोकळी नव्हती. हा संप रीतसर मिटल्याचें कधीं जाहीरच झालें नाहीं. महिन्यांमागून महिने गेले, कित्येक गिरण्या पुन्हां उघडल्याच नाहींत, आणि हजारों कुटुंबें गांवाकडे परतलीं. या अनर्थाला जुनीं यंत्रें, यंत्रमागांची स्पर्धा, जमिनींच्या वाढत्या किमती अशीं इतरहि कारणें होतीं. तीं सर्व दोष एका पक्षावर टाकूं देत नाहींत. आमचा मुद्दा एवढाच कीं वाटाघाटीच्या बैठकींत योग्य माणसाला जागाच नसेल तर कितीहि शहाणा मध्यस्थ आला तरी त्याचा इलाज चालत नाहीं. लोण्याच्या गोष्टींत गोळा दर वेळीं लहान होत चालला होता आणि तें दोन्ही मांजरांना दिसत होतें. परंतु पुरे असें म्हणणारें कोणी नव्हतें. येथें तर तराजू धरावयासहि माकड लागलें नाहीं; तंटा लांबला आणि लोणी आपोआप वितळून गेलें.

या दोन गिरणगांवांच्या गोष्टी शेजारीं ठेविल्या म्हणजे सुजाण तडजोडीचीं अंगें स्पष्ट दिसतात. आधीं सत्य शोधावें, मग मागणी करावी. ज्यांना निकाल पाळावयाचा आहे त्यांच्या खऱ्या प्रतिनिधींना बैठकींत बसवावें. बोलणें चालूं असतां हात व जीभ आवरावी. दोन्ही पक्षांची अब्रू राखावी, पण आंकडा अब्रूला बांधून ठेवूं नये. आणि तिसरा माणूस असा निवडावा कीं ज्याचा त्या लोण्यांत वांटा नाहीं. मांजरें माकडाकडे आपखुशीनें गेलीं होतीं, हें विसरूं नये. नुसती संमति पुरत नाहीं, पंच निःस्वार्थीहि असावा लागतो.

एक आक्षेप पालकवर्गाच्या मनांत येणें साहजिक आहे. तडजोडीचा फार उपदेश केला तर मुलें अन्याय सोसण्यास शिकणार नाहींत काय? हा आक्षेप आम्ही हलका लेखीत नाहीं. बळवंतानें दुर्बळाला गप्प बसवावें आणि त्याला समेट हें नांव द्यावें, असें पुष्कळदां घडतें. चोरी, मारहाण, अत्याचार यांचा निकाल चावडीवर हात मिळवून लावावयाचा नसतो. तेथें कायद्याचेंच दार ठोठावलें पाहिजे. शिवाय ज्याला नाहीं म्हणण्याची मोकळीक नाहीं त्याच्या हो म्हणण्याला अर्थ नाहीं. अमदाबादेच्या कामगारांनीं प्रथम एकजूट केली, तेव्हांच मालक त्यांच्याशीं बरोबरीनें बोलले. तेव्हां तडजोड शिकविणें म्हणजे न्यायाचा आग्रह सोडावयास शिकविणें नव्हे. तो आग्रह धरतांना समोरच्याला परतीची वाट मोकळी ठेवण्यास शिकविणें होय.

आमच्या राज्यांत १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गांव मोहीम सुरू झाली. गांवचे तंटे गांवांतच समजुतीनें मिटवावे हा तिचा हेतु. १९८७ च्या कायद्यानें लोकअदालतींना कायदेशीर पाया मिळाला. २०२३ सालीं संसदेनें मध्यस्थीविषयीं स्वतंत्र कायदा संमत केला. त्यांत मध्यस्थापुढें झालेलें बोलणें गुप्त ठेवण्याचा नियम आहे, म्हणजे मन मोकळें करणाऱ्याला आपलेच शब्द पुढें आपल्यावर उलटतील अशी भीति नसावी. एखाद्या वस्तीच्या शांततेला बाध आणणारा तंटा दोन्ही पक्षांच्या पूर्वसंमतीनें तीन मध्यस्थांपुढें न्यावा, अशीहि तरतूद त्यांत लिहिली आहे. वाचकहो, ही पूर्वसंमति म्हणजे पेशवाईंतला तो जुना राजीनामाच नव्हे काय?

परंतु कायदा दार करून देतो. त्यांतून आंत जावयाचें तें माणसांनीं. तीं माणसें कोठें तयार होणार? आमच्या मतें तीं शाळेच्या मैदानावर, वसतिगृहाच्या खोलींत आणि घरच्या पंक्तींत तयार होतात. मुलांनो, पुढच्या वेळीं तुमच्या दोन मित्रांत बिनसेल तेव्हां एकाची बाजू घेण्याआधीं दोघांचें पुरें ऐकून घ्या. आणि स्वतः भांडणांत असाल तेव्हां चारचौघांत तक्रार नेण्यापूर्वीं एकदां त्याच्याकडे एकटे जा. आणि पालकहो, दोन भावंडें तुमच्यापुढें भांडण घेऊन आलीं म्हणजे लगेच निकाल देऊं नका. आधीं एकाला दुसऱ्याचें म्हणणें आपल्या तोंडानें सांगावयास लावा. तें त्याला नीट सांगतां आलें तर पुष्कळदां निकालाची गरजच उरत नाहीं.

साबरमतीच्या कांठच्या त्या बाभळीखालीं जमलेल्या कामगारांपैकीं पुष्कळांना अक्षरओळखहि नव्हती. तरी त्यांनीं जवळजवळ महिनाभर पोट आवरलें, जीभ आवरली, आणि शेवटीं आपला प्रश्न एका परक्या, पण प्रामाणिक माणसाच्या हातीं विश्वासानें सोंपविला. आम्हां शिकलेल्यांना तितकें साधलें तर आमच्या गांवांत तराजू घेऊन बसलेल्या माकडांचा धंदा बसेल, आणि पांचांच्या मुखीं परमेश्वर पुन्हां बोलूं लागेल.